ताणाखाली हृदय काय जाळते? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकातल्या आरोग्य सदरात एक छोटी टीप होती. नेहमीचा एमआरआय हृदयाचा आकार, हालचाल आणि जखम दाखवतो. पण हृदयाचा स्नायू इंधन कसे वापरतो हेही चुंबकाच्या मदतीने मोजता येते, आणि त्यातली खरी गोम हृदयावर ताण दिल्यावरच कळते, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर निपाणी, खानापूर, संकेश्वर आणि बेळगाव शहरातून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या आबांचे वय ६४. सगळे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले. जिना चढला की धाप लागते. इको केला, पंपिंग ६० टक्के आहे. ईसीजी चांगला. दवाखान्यात सांगतात, सगळे नॉर्मल आहे. मग धाप का लागते? आणि हृदयाची ऊर्जा मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी एक सांगतो. धाप एकट्या हृदयामुळे लागत नाही. वखारीतली धूळ आणि तंबाखू यांनी फुप्फुसे खराब होतात, अंगात रक्त कमी असले तरी दम लागतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री या तीन साध्या तपासण्या राहिल्या असतील तर त्या पहिल्यांदा करून घ्या. त्या चांगल्या निघाल्या की हृदयाच्या ऊर्जेचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

हृदयाचा स्नायू एटीपी नावाच्या रेणूवर चालतो. दिवसभरात हृदय सुमारे ६ किलो एटीपी बनवते आणि तेवढेच खर्च करते. कोणत्याही एका क्षणी मात्र स्नायूतला साठा जेमतेम दहाएक सेकंद पुरेल इतकाच असतो. म्हणून तो अखंड भरत राहावा लागतो. विश्रांतीत साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा स्निग्धाम्लांपासून येते, उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट आणि किटोन यांच्यापासून. एटीपी हा खिशातला पैसा समजा. मग फॉस्फोक्रिएटिन म्हणजे डाळीच्या डब्यात ठेवलेली रोकड. खिसा रिकामा होऊ लागला की क्रिएटिन कायनेज हे विकर डब्यातले पैसे काढून खिशात टाकते. त्यामुळे घरात ओढाताण सुरू झाली तरी खिसा बराच काळ भरलेला दिसतो. डबा मात्र आधीच उतरलेला असतो.

एमआरआयच्या फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीत (फॉस्फरसच्या सिग्नलवरून रेणू ओळखून मोजण्याची पद्धत) हा डबा आणि खिसा यांचे गुणोत्तर मोजतात : फॉस्फोक्रिएटिन भागिले एटीपी. निरोगी हृदयात ते २ च्या आसपास असते. मोजण्याची पद्धत आणि दुरुस्त्या यांनुसार १.७ ते २.१ असे आकडे येतात, म्हणून एका केंद्राचा आकडा दुसऱ्या केंद्राच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. १९९७ मध्ये जर्मनीत व्युर्त्सबुर्गला हृदय फुगलेल्या ३९ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांचे गुणोत्तर १.६ पेक्षा कमी होते त्यांच्यात पुढच्या सुमारे अडीच वर्षांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. विशेष म्हणजे पंपिंगच्या टक्क्यांपेक्षा या गुणोत्तराने पुढचे भविष्य अधिक चांगले सांगितले.

आता तुमच्या 'बसल्या जागी नॉर्मल'कडे येऊ. रक्तवाहिनी ७० टक्के अरुंद झाली तरी विश्रांतीतला रक्तपुरवठा बहुधा कमी होत नाही, कारण पुढच्या बारीक वाहिन्या स्वतः रुंदावून तूट भरून काढतात. जिना चढताना हृदयाला कित्येक पट रक्त हवे असते. रुंदावण्याची सगळी ताकद आधीच वापरून झालेली असेल तर तिथे अडते. कॉटवर झोपवून केलेला इको आणि ईसीजी ही अडचण पकडू शकत नाहीत. आबांची तपासणी ताण देऊन व्हायला हवी. ट्रेडमिल किंवा स्ट्रेस इको जमत असेल तर सुरुवात तिथून करा. ऊर्जेचे गुणोत्तर मोजायची पाळी आलीच, तर ती फार नंतरची गोष्ट आहे.

प्रश्न : आईच्या छातीत दोन वर्षे दुखते, चालताना जास्त. अँजिओग्राफी झाली, नसा मोकळ्या आहेत. 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवले. दुखणे काही गेले नाही.
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : हे पत्र आम्ही मुद्दाम पुढे घेतले, कारण अशी पत्रे दर वेळी येतात आणि बहुतेक बायकांबद्दल असतात. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या खालच्या वाहिन्या तिच्यात दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळणार हे ठरते ते बरेचसे त्या बारीक वाहिन्यांतच. नसा मोकळ्या आहेत याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा होत नाही.

याचा पुरावा फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीनेच दिला आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीत दुखणाऱ्या, पण अँजिओग्राफी चांगली असलेल्या ३५ स्त्रियांना चुंबकात झोपवून हाताने पकड आवळायला लावली. त्यांपैकी ७ जणींच्या हृदयात फॉस्फोक्रिएटिनचे गुणोत्तर घसरले, आणि ते निरोगी स्त्रियांच्या सरासरीच्या बऱ्याच खाली गेले. म्हणजे पाचात एकीच्या हृदयाला श्रमात ऊर्जा कमी पडत होती आणि ते मोजता आले.

आईसाठी हा प्रयोग हुडकत फिरू नका. डॉक्टरांना सरळ विचारा : बारीक वाहिन्यांचा आजार असू शकतो का? औषधाने ताण देऊन केलेला परफ्यूजन (स्नायूचा रक्तपुरवठा दाखवणारा) एमआरआय करता येईल का? किंवा कॅथलॅबमध्ये तारेने रक्तप्रवाहाची राखीव क्षमता मोजता येईल का? या आजारावर गोळ्या आहेत, बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवल्याने फरक पडतो. दोन वर्षे दुखणे अंगावर काढलेल्या बाईला टेन्शनचे कारण देऊन घरी पाठवणे आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्या १.५ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावर हृदयाचे नेहमीचे स्कॅन होतात. फॉस्फरसचे स्कॅन याच यंत्रावर का होत नाही? करायचे झाले तर काय काय लागेल आणि कुठे चुकते?
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमचे यंत्र हायड्रोजनच्या सुरावर बांधलेले आहे. १.५ टेस्लावर हायड्रोजनचे केंद्रक ६३.९ मेगाहर्ट्झला साद देते, फॉस्फरस-३१ चे २५.९ ला. ३ टेस्लावर हेच आकडे १२७.७ आणि ५१.७ होतात. म्हणजे चुंबक तोच चालतो, पण अनेक वारंवारतांवर काम करणारा वेगळा आरएफ (रेडिओ लहरींचा) अॅम्प्लिफायर, त्या सुराची कॉइल (सिग्नल पकडणारी तारेची गुंडाळी) आणि कंपनीकडून मल्टिन्यूक्लियरचा, म्हणजे हायड्रोजनखेरीज इतर केंद्रके मोजण्याचा, परवाना ही तिन्ही हवीत. दवाखान्याच्या रोजच्या यंत्रात ही सोय घेतलेली नसते, कारण तिचा रोजच्या कामात उपयोग नाही.

दुसरी अडचण सिग्नलची. स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन प्रति लिटर सुमारे १० मिलिमोल, एटीपी त्याच्या निम्मे. पाण्यातल्या हायड्रोजनच्या तुलनेत हे कित्येक हजार पट कमी, शिवाय फॉस्फरसची संवेदनशीलताही हायड्रोजनच्या सुमारे ६.६ टक्केच. म्हणून चौकोन, म्हणजे ज्याचा सिग्नल एकत्र मोजतात तो तुकडा, मोठा घ्यावा लागतो. नेहमीच्या सिने (हृदयाची हालचाल दाखवणाऱ्या) चित्रात एक ठिपका दीड बाय दीड बाय ८ मिलिमीटर, म्हणजे ०.०१८ मिलिलिटर. फॉस्फरसमध्ये एक चौकोन दहा-वीस मिलिलिटरचा, कधी त्याहून मोठा. एवढे करूनही एका वर्णपटाला (कोणत्या रेणूचा सिग्नल किती, हे शिखरांनी दाखवणारा आलेख) दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ जातो.

क्रम साधारण असा असतो. सरफेस कॉइल (अंगावर ठेवायची चपटी कॉइल) छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या बरोबर वर. रुग्णाला पोटावर झोपवले तर हृदय छातीच्या भिंतीकडे सरकते, सिग्नल वाढतो आणि श्वासाची हालचालही कमी होते. फक्त वजनदार किंवा दम्याच्या माणसाला ही स्थिती फार वेळ सोसत नाही. मग हायड्रोजनवर लोकलायझर (जागा दाखवणारे झटपट चित्र) घेऊन कॉइलची जागा तपासायची. कॉइलच्या खोक्यात फॉस्फरसच्या द्रावाची छोटी कुपी असते, तिच्यावरून हृदयाच्या खोलीला फ्लिप अँगल (पल्सने केंद्रके किती कलतात तो कोन) किती पोचतो ते काढतात. ईसीजी गेटिंग (ठोक्याच्या ठरावीक क्षणी मोजणे) ठेवून शिमिंग (चुंबकक्षेत्र एकसारखे करणे) फक्त हृदयावर करायचे. त्यानंतर छातीच्या स्नायूंवर सॅच्युरेशन पट्टा (तिथला सिग्नल दाबून टाकणारा) टाकायचा आणि मगच वर्णपट घ्यायला सुरुवात.

वर्णपटात फॉस्फोक्रिएटिनचे शिखर शून्यावर धरतात. त्याच्या एका बाजूला एटीपीची तीन शिखरे साधारण उणे २.५, उणे ७.५ आणि उणे १६ पीपीएमवर (वारंवारतेतला फरक, दहा लाखांत किती भाग). दुसऱ्या बाजूला ५ ते ६ पीपीएमवर रक्तातले २,३-डायफॉस्फोग्लिसरेट. या शेवटच्या शिखराखाली अजैविक फॉस्फेट झाकले जाते, त्यामुळे हृदयाचा पीएच काढणे अवघड होऊन बसते.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. छातीच्या स्नायूचा सिग्नल आत शिरला तर गुणोत्तर खोटे वाढते, कारण हाडांवरच्या स्नायूत फॉस्फोक्रिएटिन भरपूर असते, गुणोत्तर ४ च्या घरात. पट्टा दोन-चार मिलिमीटर सरकला तरी आजारी हृदय निरोगी दिसू शकते. पोकळीतले रक्त आत आले तर उलटे होते : रक्तात एटीपी आहे, फॉस्फोक्रिएटिन नाही, म्हणून गुणोत्तर पडते. डायफॉस्फोग्लिसरेटच्या शिखरावरून रक्ताचा हिस्सा मोजून तो एटीपीतून वजा करावा लागतो. तिसरी चूक टीआरची, म्हणजे दोन पल्समधल्या वेळाची. फॉस्फोक्रिएटिनचा टी-वन (पल्सनंतर सिग्नल सावरायला लागणारा काळ) एटीपीपेक्षा लांब आहे. टीआर छोटा ठेवला की फॉस्फोक्रिएटिन पूर्ण सावरत नाही आणि कमी मोजले जाते. फ्लिप अँगल माहीत नसेल तर ही दुरुस्ती करताच येत नाही, आणि सरफेस कॉइलमध्ये तो खोलीनुसार बदलत जातो. हृदयाची मागची भिंत तर अशा कॉइलच्या आवाक्यातच येत नाही. कोणी मागच्या भिंतीचा आकडा छातीठोकपणे सांगितला तर कॉइल कोणती वापरली ते आधी विचारा.

प्रश्न : बोगद्यासारख्या यंत्रात झोपलेल्या माणसाच्या हृदयाला ताण कसा देतात? धोका किती?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : तीन मार्ग आहेत, आणि कोणता घ्यायचा हे काय मोजायचे यावर ठरते.

पहिला, हाताची पकड. चुंबकाला न चिकटणारे पकडमापक हातात देतात. आधी पूर्ण जोर मोजतात, मग त्याच्या ३० टक्के जोराने आवळून धरायला सांगतात. दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा. श्वास कोंडून कुंथायचे नाही, नाहीतर छातीतला दाब बदलून सगळे मोजमाप बिघडते. १९९० मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी याच पद्धतीने दाखवून दिले की निरोगी माणसात गुणोत्तर १.७२ वरून १.७४, म्हणजे जागचे हलत नाही. पण हृदयाच्या पुढच्या मोठ्या नसा अरुंद असलेल्या रुग्णांत ते १.४५ वरून ०.९१ वर कोसळते आणि पकड सोडल्यावर दोन मिनिटांत १.२७ पर्यंत परत चढते. ताण नसता तर या लोकांचा आकडा 'जरा कमी' म्हणून सोडून दिला गेला असता. या पद्धतीची अडचण वेळेची आहे. वर्णपटाला मिनिटे लागतात आणि मूठ त्याआधीच थकते. म्हणून काही ठिकाणी पोटावर झोपून पाय हलवण्याचा व्यायाम देतात, तो जास्त वेळ टिकतो.

दुसरा, डोब्युटामिन. हे औषध हृदयाला खरोखर जास्त कामाला लावते, ठोके आणि आकुंचन दोन्ही वाढवते. मिनिटाला प्रति किलो १० मायक्रोग्रॅमपासून दर तीन मिनिटांनी २०, ३०, ४० असे चढवतात. ठोक्यांचे लक्ष्य २२० मधून वय वजा करून त्याच्या ८५ टक्के. निपाणीच्या आबांच्या ६४ वयाला ते १३३ येते. औषध एका पातळीवर स्थिर ठेवता येते, म्हणून ऊर्जेच्या मोजमापाला हे सोयीचे.

तिसरा, अॅडेनोसिन. मिनिटाला प्रति किलो १४० मायक्रोग्रॅम, तीन ते सहा मिनिटे. ६० किलोच्या माणसाला मिनिटाला ८.४ मिलिग्रॅम, ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे २.८ मिलिलिटर. हे रक्तवाहिन्या रुंदावते, पण हृदयाचे काम डोब्युटामिनइतके वाढवत नाही. म्हणून रक्तपुरवठा पाहायला अॅडेनोसिन चांगले आणि ऊर्जेची तूट पाहायला डोब्युटामिन किंवा व्यायाम, असे आमचे मत आहे. अॅडेनोसिनला दोन्ही हातांत वेगवेगळ्या सुया लावाव्यात. एकाच नळीतून गॅडोलिनियम (चित्र उजळण्यासाठी टोचायचे द्रव्य) जोरात सोडले तर नळीतले अॅडेनोसिन एकदम आत ढकलले जाऊन हृदयाचे विद्युतवहन क्षणभर थांबू शकते. दोन-तीन मिनिटांत ठोके १० ने वाढले नाहीत किंवा रुग्णाला काहीच जाणवले नाही, तर मात्रा वाढवतात. ताण नीट पोचला का, हे तपासायला रेडिओलॉजिस्ट चित्रातली प्लीहा पाहतात : अॅडेनोसिन लागू पडले असेल तर तिचा उजळपणा विश्रांतीच्या चित्रापेक्षा स्पष्ट कमी होतो.

छातीत दाब, चेहरा तापणे, दम लागणे हे अॅडेनोसिनमध्ये अपेक्षित असते. औषध बंद केल्यावर ते मिनिटभरात उतरते, कारण रक्तात ते दहा सेकंदही टिकत नाही. शिट्टीसारखा आवाज येणारा दमा, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युतवहन अडणे) किंवा वरचा बीपी ९० च्या खाली असेल तर ते देऊ नये. उतारा म्हणून अॅमिनोफिलिन आणि डोब्युटामिनसाठी एस्मोलॉल टेबलावर तयार हवे. एक बाब खोलीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी : चुंबकात वाहणाऱ्या रक्तामुळे ईसीजीचा आकार बदलतो, त्यामुळे त्यावर रक्त कमी पडल्याची खूण वाचता येत नाही. रुग्णाचे बोलणे, बीपी आणि भिंतींची हालचाल हीच लक्ष ठेवण्याची साधने.

प्रश्न : तपासणीच्या आदल्या दिवशी चहासुद्धा बंद, असे सांगितले आहे. एक कप घेतला तर काय होते? आणि गोळ्या?
(एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : अॅडेनोसिन ज्या जागी जाऊन बसते त्याच जागा कॅफिन आधी अडवून ठेवते. औषध गेले तरी रक्तवाहिन्या रुंदावत नाहीत आणि आजार असूनही तपासणी चांगली दिसते. पैसे गेले, वर खोटा दिलासा. म्हणून २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, पाकिटावर वाचा. चुकून चहा झालाच तर लपवू नका, तारीख पुढे ढकलतात एवढेच.

दम्यासाठी थिओफिलिन किंवा त्या गटातली गोळी चालू असेल तर तिचाही तोच परिणाम होतो. डायपिरिडामोल (रक्ताची गुठळी टाळणारी गोळी) उलट अॅडेनोसिनचा जोर वाढवते. डोब्युटामिन देणार असतील तर बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) २४ ते ४८ तास आधी थांबवायला सांगतात, पण ही गोळी मनाने कधीही बंद करू नका. अचानक तोडल्याने छातीत दुखणे उफाळू शकते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहायच्या दिवसाचा डोस आधी विचारून घ्यावा. सकाळी विडी किंवा तंबाखूही नको, निकोटिनने ठोके वाढलेले असतात आणि 'विश्रांती'चे मोजमाप विश्रांतीचे राहत नाही.

प्रश्न : उद्यमबागमधल्या फाउंड्रीत वीस वर्षे ग्राइंडिंग केले आहे. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. एमआरआय चालेल का? घरच्यांनी दागिन्यांबद्दलही विचारायला सांगितले आहे.
(एक वाचक, अनगोळ)

उत्तर : स्टेंटची काळजी कमी करा, डोळ्यांची जास्त करा. आजच्या हृदयाच्या स्टेंटना १.५ आणि ३ टेस्लावर अडचण येत नाही. त्याचे कार्ड मात्र सोबत न्या. ग्राइंडिंग, वेल्डिंग आणि लेथवर काम केलेल्यांच्या डोळ्यांत पूर्वी उडालेला लोखंडाचा बारीक कण राहिलेला असू शकतो. चुंबकात तो हलला तर नजर जाऊ शकते. डोळ्यात कधी किस गेला असेल आणि तो पूर्ण निघाल्याची खात्री नसेल, तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढून घ्या. फॉर्मवर हा प्रश्न असतो, घाईत 'नाही' लिहू नका.

मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या, केसांच्या पिना सगळे काढावे लागते. बांगड्या निघत नसतील तर आदल्या दिवशी घरीच साबण लावून काढा. जरीकाठाची साडी नेसून आत जाऊ नये, जरीत धातू असेल तर ती तापते. दवाखान्याचा गाऊन घाला. पेसमेकर असेल तर मॉडेलचे कार्ड दाखवल्याशिवाय खोलीच्या दारातही जाऊ नका.

प्रश्न : परदेशात 'गोठवलेले कार्बन' टोचून हृदय कोणते इंधन वापरते ते थेट दाखवतात असे वाचले. हे काय आहे?
(एक विज्ञान शिक्षक, संकेश्वर)

उत्तर : याचे नाव हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ एमआरआय. निसर्गातल्या कार्बनपैकी फक्त १.१ टक्का कार्बन-१३ असतो आणि त्याचा सिग्नल दुबळा, ३ टेस्लावर ३२.१ मेगाहर्ट्झला. म्हणून पहिल्या स्थानी कार्बन-१३ घातलेले पायरुव्हेट (साखर फुटल्यावर बनणारा रेणू) बनवतात. त्यात थोडा ट्रायटिल नावाचा रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) मिसळून ते ५ टेस्लाच्या चुंबकात, केवळ शून्याच्या वर एका केल्विनहूनही कमी तापमानाला ठेवतात आणि त्यावर सुमारे १४० गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह सोडतात. इलेक्ट्रॉनांची शिस्त, म्हणजे एकाच दिशेने रांगेत राहणे, कार्बनच्या केंद्रकांत उतरते. काही तासांनी तापलेले निर्जंतुक पाणी सोडून नमुना झटक्यात विरघळवतात. २००३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी या पद्धतीने सिग्नल १०,००० पटींहून जास्त वाढवून दाखवला.

खरी धावपळ इथून सुरू होते. विरघळल्यापासून ही शिस्त विस्कटत जाते. पायरुव्हेटचा टी-वन जवळपास एक मिनिट, म्हणजे ६० सेकंदांनी ३७ टक्के आणि दोन मिनिटांनी १४ टक्केच उरते. तेवढ्या वेळात रॅडिकल गाळायचा, पीएच, तापमान, पायरुव्हेटचे प्रमाण आणि उरलेला रॅडिकल तपासायचा, औषधशास्त्रज्ञाने सही करायची, सिरिंज बाजूच्या खोलीत पोचवायची आणि मिनिटाच्या आत चित्रे घ्यायची. मात्रा साधारण प्रति किलो ०.४ मिलिलिटर, द्रावण सुमारे २५० मिलिमोलर; ६० किलोच्या माणसाला २४ मिलिलिटर. तपासणीत एक गोष्ट नापास झाली की तो नमुना फेकायचा. दर आरएफ पल्सने सिग्नल कायमचा खर्च होतो, त्यामुळे चित्र चुकले तर पुन्हा घेता येत नाही.

मिळते काय? पायरुव्हेट पोकळीतल्या रक्तात चमकते. स्नायूत जाऊन ते पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या विकरातून गेले की बायकार्बोनेट बनते, आणि ते शिखर फक्त स्नायूतच दिसते. म्हणजे हृदय साखर जाळते आहे का, याचे थेट चित्र. दुसऱ्या वाटेने गेले तर लॅक्टेट दिसते. रक्त कमी पडलेल्या भागात ते वाढावे अशी अपेक्षा. माणसाच्या हृदयात हे पहिल्यांदा टोरांटोत झाले, २०१६ मध्ये प्रसिद्ध. ऑक्सफर्डच्या २०२० च्या अभ्यासात टाइप २ मधुमेहींत पायरुव्हेटपासून बायकार्बोनेटकडे जाणारा हा प्रवाह मंदावलेला दिसला आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर वाढला. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये निरोगी माणसांना अॅडेनोसिन देऊन तो वाढतो हे दाखवले. विश्रांती आणि ताण दोन्ही मोजायचे तर दोन स्वतंत्र नमुने गोठवून तयार ठेवावे लागतात, हे विसरू नका. जेवणाची वेळही कडक पाळावी लागते. उपाशी हृदय मुख्यतः स्निग्धाम्लांवर चालते, बायकार्बोनेट फार कमी दिसते, आणि निरोगी माणूस आजारी वाटू शकतो.

वर्गात मुलांना सांगायचे तर यात किरणोत्सर्ग अजिबात नाही, हे आवर्जून सांगा. पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-१८ वापरतात, त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटे. ते ग्लुकोज पेशीत गेल्याचे दाखवते, पुढे त्याचे काय झाले ते नाही.

प्रश्न : मला शुगर आहे, हृदयाचा त्रास काही नाही. तरीही हृदयाची ऊर्जा कमी होते का?
(एक वाचक, गोकाक)

उत्तर : हो, होऊ शकते. टाइप २ मधुमेहात पंपिंग चांगले असतानाही फॉस्फोक्रिएटिनचे गुणोत्तर विश्रांतीतच कमी आढळले आहे. ऑक्सफर्डच्या २०१६ च्या अभ्यासात पायांचा व्यायाम दिल्यावर ते आणखी घसरले. निरोगी लोकांत घसरले नाही. लठ्ठपणातही ते कमी असते, आणि वजन उतरवल्यावर सुधारते हेही मोजून पाहिले आहे. म्हणून त्रास नसताना स्कॅनच्या मागे लागण्यापेक्षा रोज चालणे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बीपी यांच्यावर तो पैसा आणि वेळ घाला. करदंट आणि कुंदा ही मिठाई सणापुरती.

प्रश्न : मूत्रपिंड थोडे कमजोर आहे. गॅडोलिनियम चालते का?
(एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी गरज तोलूनच, आणि सुरक्षित गटातलेच गॅडोलिनियम द्यावे. फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीला मात्र काहीही टोचावे लागत नाही.

प्रश्न : आईला मराठीच समजते. स्कॅनमध्ये श्वास धरायला सांगतात, ते कन्नडमधून सांगितले तर?
(एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : आधी तंत्रज्ञाशी बोलून ठरवून घ्या, सीमाभागात बहुतेकांना दोन्ही भाषा येतात. तरी आईला दोन वाक्ये शिकवून ठेवा. 'उसिरु बिडि' म्हटले की श्वास सोडायचा, 'उसिरु हिडियिरि' म्हटले की धरून ठेवायचा. औषध आणि ताण याबद्दलचे संमतीपत्र मराठीतून समजावून घेतल्याशिवाय सही करू देऊ नका, तो आईचा हक्क आहे.

घरी सराव करून घ्या : दोन वेळा श्वास घ्या-सोडा, मग श्वास सोडलेल्या स्थितीत १० ते १२ सेकंद थांबा. भरलेल्या छातीपेक्षा सोडलेल्या श्वासात हृदय दर वेळी त्याच जागी येते, म्हणून तसे सांगतात. अॅडेनोसिन चालू असताना दम लागल्यासारखे होतेच, तेव्हा श्वास पूर्ण धरता आला नाही तरी चालेल, हलके हलके घ्यायचा. दचकून हलायचे मात्र नाही. हातात फुगा देतात, तो दाबला की बाहेर बेल वाजते. आईला तो स्कॅनच्या आधी एकदा दाबून दाखवायला सांगा. श्वास अजिबात धरता येत नसेल तर ते नाव नोंदवतानाच सांगा, मोकळ्या श्वासात चित्रे घेण्याची पद्धतही असते, फक्त त्यासाठी वेळ जास्त राखून ठेवावा लागतो.